‘सौभद्र’चा मोकळा प्रयोग: माझा अनुभव

माझ्या दादाला ‘संगीत सौभद्र’मधली पदं तोंडपाठ आहेत. दादा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, पंचेचाळिशी ओलांडलेला. घरी ऑर्गनचा सूर कानावर पडला की तो डोलायला लागतो आणि पदाबरोबर मोठ्यानं गातो. नाट्यगृहात नेमकं हेच चालत नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रयोगाला मध्यंतराच्या आतच आम्हाला उठून जायला सांगितलं. त्यानंतर आईनं त्याला नाटकाला नेणंच सोडलं.

ब्रिटनमधल्या ऑपेरा कंपन्या अशा प्रेक्षकांसाठी मुद्दाम वेगळे, ‘मोकळे’ प्रयोग लावतात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. प्रेक्षागृहात पूर्ण अंधार करत नाहीत, दारं उघडी असतात, वाटेल तेव्हा बाहेर जाऊन परत येता येतं, कुणी आवाज केला तर कुणी वळून बघत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली ‘द लायन किंग’ या संगीत नाटकाचा असा प्रयोग झाला होता. तिकडे ऑपेरा, इकडे संगीत नाटक; दोन्हीकडे भार गाण्यावर. मग मुंबईत हे का होऊ नये, या एका विचारानं मी आणि ओळखीतले काही पालक एका हौशी नाट्यसंस्थेच्या काकांकडे गेलो.

काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आणि गाणाऱ्याचा सूर हलला तर?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “काका, १८८२ साली सौभद्र आलं तेव्हा काय प्रेक्षक मुके बसायचे? पदापदाला वन्समोअर घ्यायचे, प्रयोग पहाटेपर्यंत चालायचे. त्यांचा सूर कुठे हलला?” काका हसले. “तालमीला घेऊन या दादाला,” एवढंच म्हणाले. दादा आणि त्याचे मित्र तालमीला येऊन बसायला लागले आणि नटमंडळींची भीती तिथेच गेली. कुठल्याही भाषणानं ती गेली नसती.

तारीख मिळवणं कटकटीचं होतं. शनिवार-रविवारची दुपारची आणि रात्रीची सत्रं व्यावसायिक नाटकांना हवी असतात. सकाळचं सत्र मिळत होतं, पण रविवारी मेगाब्लॉक. डोंबिवली, पनवेलहून येणाऱ्यांचे हाल झाले असते. गाडी अचानक रद्द झाली की आमच्यातल्या काहींचा अख्खा दिवस बिघडतो. शेवटी शनिवारची सकाळ ठरली. सोबत येणाऱ्याला तिकीट नको, असा आमचा आग्रह होता. सवलत कशाच्या आधारावर, असं विचारलं गेलं तेव्हा दिव्यांग हक्कांचा २०१६चा कायदा पुढे ठेवला. त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे आणि कलम २९ कला-संस्कृतीतल्या सहभागाबद्दलच आहे. पुढे वाद झाला नाही.

ध्वनिसंयोजकाशी मात्र बरंच बोलावं लागलं. स्पीकर खाली आणले तर मागच्या रांगांना ऐकू जाणार नाही, ही त्याची काळजी. आम्ही मागच्या रांगा विकल्याच नाहीत, सगळ्यांना पुढे आणि मधे मोकळं मोकळं बसवलं. लुकलुकणारे दिवे आणि धूर काढून टाकले. आणि तिसरी घंटा! आपल्याला तिनं उत्साह येतो, पण ज्याचे कान हळवे त्याला ती सुरीसारखी लागते. घंटेऐवजी रंगमंच व्यवस्थापकानं पडद्यापुढे येऊन साध्या आवाजात सांगायचं ठरलं, “आता पाच मिनिटांत पडदा उघडेल.”

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम चित्रपुस्तिकेचं. स्टेशनपासून नाट्यगृहापर्यंतचा रस्ता, फाटक, तिकीट बघणारी व्यक्ती, खुर्च्या, स्वच्छतागृह, पडदा, सगळ्याचे फोटो. प्रत्येक नटाचे दोन फोटो शेजारी शेजारी, एक घरच्या कपड्यांत आणि एक रंगभूषेत. घटोत्कचाच्या पानावर लिहिलं, “हा राक्षसासारखा दिसतो. तो झोपलेल्या सुभद्रेला उचलून नेतो. तिला काही होत नाही. तो तिला अर्जुनाजवळ नेतो.” गोष्ट आधीच फोडली तर मजा काय राहिली, असं एका पालकांना वाटलं. पण सौभद्रात काय होतं हे ठाऊक नसलेला प्रेक्षक कधी होता? सुभद्रेचं लग्न अर्जुनाशी लावायचं कृष्णाचं कारस्थान पाठ असूनच लोक पिढ्यान्‌पिढ्या येत आले. पुस्तिका आधीच घरोघर पोचवली. एका मुलीनं घटोत्कचाचं पान रोज झोपण्याआधी वाचायला लावलं, असं तिच्या आईनं सांगितलं. प्रयोगात तो आला तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या.

प्रयोगात एक मुलगा मधल्या वाटेनं फेऱ्या मारत राहिला. नारदानं त्याला हात केला आणि पुढचं वाक्य घेतलं. कृष्णाच्या एका पदात दादा अर्धी ओळ आधीच गायला लागला. गाणाऱ्यानं त्याला ती ओळ पुरी करू दिली, ऑर्गनवाल्यानं सूर धरून ठेवला, तबला ठेक्यावर राहिला, आणि मग त्याच ओळीवरून तान निघाली. आई रडत होती. बाहेरच्या शांत खोलीत सतरंज्या, उशा आणि पाण्याचे माठ होते. काहीजण तिथे बराच वेळ बसून पुन्हा आत आले.

लांबलचक गद्य प्रवेशांत बरेचजण उठले, हेही खरं. पदांना हात न लावता गद्य कमी करायचं, असं काकांनी स्वतःच ठरवलं आणि नव्या संहितेवर ते बसलेही आहेत. चाकाच्या खुर्चीसाठी एका रांगेतल्या खुर्च्या काढून मिळतील का, हे नाट्यगृहाशी बोलणं चालू आहे. दृष्टिहीन प्रेक्षकांना प्रयोगाआधी रंगमंचावर नेऊन कृष्णाचा मुकुट, नारदाची वीणा, घटोत्कचाची गदा हातात द्यायची, ही सूचना नारदाचं काम करणाऱ्या नटाची. त्या दिवशी वीणा तो स्वतःच घेऊन उभा राहणार आहे.