काळ्सन

परवा दुपारी जेवणं आटोपल्यावर एका नॉर्वेजियन कथेचं भाषांतर घेऊन बसलो. अर्थात इंग्रजीवरून. पहिल्याच ओळीत माणसाचं नाव: के, जे, ई आणि दोन एल. क्जेल? केल? ओस्लोतल्या भाचीला विचारलं, तर तिने आवाजच रेकॉर्ड करून पाठवला. "मामा, ह्येल म्हणायला निघ आणि वाटेत श आठव." मग वर, "आणि मी ओस्लोत नाही, ऊष्लूत राहते. पोटफोड्या ष."

तो ष आपण शाळा सुटल्यावर सोडून दिला. तिकडे तो रोजच्या बोलण्यात आहे! नॉर्वेच्या पूर्व भागात र आणि न शेजारी आले की ण होतो, र आणि ल आले की ळ. (बर्गनकडे नाही हं, असंही तिने बजावलं.)

"म्हणजे कार्लसन?"

"काळ्सन."

मी पेन खाली ठेवलं. 2013 साली चेन्नईत बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी त्याने विश्वनाथन आनंदला हरवलं, तेव्हा रोजच्या पेपरात त्याचं नाव रफार मिरवत असायचं. घरात ळ असून आपण उसना रफार घातला, कारण नाव इंग्रजीच्या दारातून आलं.

आमचं आडनाव काळे. वडिलांची बदली भोपाळला झाली तेव्हा मी चौथीत होतो. हजेरीत रोज "काले". एकदा वडील शाळेत येऊन बाईंना समजावत बसले, जीभ मागे वळवा, टाळूला लावा, सोडा. बाई भल्या होत्या. त्यांनी खूप प्रयत्न केला, मध्ये पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काडे." परत येताना वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काले चालेल."

रूपांतरकार सुखी. 1933 साली नाट्यमन्वंतरने रंगभूमीवर आणलेली वर्तकांची 'आंधळ्यांची शाळा' मुळात ब्यॉर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावरून घेतलेली. त्यांनी पात्रंच मराठी करून टाकली, प्रश्न मिटला. शीर्षकात दोन ळ. मूळ लेखकाच्या नावात मात्र ण आहे, ब्यॉणसन, आणि तो कुठल्याच मराठी पुस्तकात माझ्या तरी पाहण्यात नाही.

तेव्हा ठरवलं, या कथेत सगळी नावं तिथल्यासारखी. ण तिथे ण, ळ तिथे ळ, संपादक काय म्हणायचं ते म्हणोत. पहिल्या पानावर जोरात शेल लिहिलं. दुसऱ्या पानावर त्याचा मित्र लार्स येतो. भाचीला विचारलं. र आणि स मिळून पुन्हा पोटफोड्या ष. लाष.

"दार उघडलं तर समोर लाष उभा होता."

वाक्य दोनदा वाचलं. चहा टाकला. लार्सच लिहिलं.