ताईला घेऊन व्हिस्लरला: सोपा उतार निवडताना

डोंगरावर नेणाऱ्या गोंडोलाचं दार लागलं आणि ताईने पहिला प्रश्न विचारला, "अगं, परत ह्याच पाळण्यातून खाली येता येतं ना?"

"येतं," मी म्हटलं. "वरूनही येतं आणि मधल्या स्टेशनवरूनही. कधीही."

तेव्हा कुठे तिने काठ्यांवरची मूठ जरा सैल केली. पुढच्या दोन दिवसांत आम्ही जे काही ठरवलं, ते ह्या एका उत्तराच्या भरवशावर. मनात धास्ती असलेल्या माणसासाठी स्कीचा उतार शोधायचा असेल तर आधी परतीची वाट शोधा, मग उतार. माझं उलटं झालं होतं, म्हणून हे इतकं ठासून सांगते आहे.

गेल्या हिवाळ्यात मी ताईला घराजवळच्या एका छोट्या डोंगरावर नेलं होतं. नकाशात तिथला रन, म्हणजे स्की करायची आखलेली वाट, हिरवा म्हणजे सोपा, माझ्या रोजच्या पायाखालचा, म्हणून दोन तास सपाटीवर घसरून झाल्यावर मी तिला सरळ चेअरलिफ्टने, म्हणजे लटकत्या खुर्च्यांच्या लिफ्टने, वर नेलं. अर्ध्यावर एका वळणानंतर तीसेक मीटरचा तिरका टप्पा आहे. तो मला कधी जाणवलाच नव्हता. ताई तिथे बसली ती बसलीच. दुसरा रस्ता नव्हता, लिफ्ट खाली माणसं नेत नव्हती. शेवटी स्की काढून, कडेकडेने चालत आम्ही पाऊण तासात उतरलो. गाडीत ती एक अक्षर बोलली नाही. चूक सर्वस्वी माझी होती. ती पुन्हा बर्फावर यायला तयार झाली, ह्याचं मला आजही अप्रूप वाटतं.

म्हणून ह्या वेळी आठवडाभर नकाशा घेऊन बसले. कॅनडातल्या व्हिस्लर-ब्लॅककॉम्ब ह्या स्की रिसॉर्टचा पसारा प्रचंड आहे: दोन डोंगर, आठ हजार एकरांहून जास्त जागा आणि दोनशेवर रन. गाव ६७५ मीटरवर, तर गोंडोलाचं वरचं टोक, राउंडहाउस, १,८५० मीटरवर. म्हणजे वरून थेट गावापर्यंत स्की करत यायचं तर जवळजवळ १,२०० मीटर उतरायचं. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड दोनदा उतरल्यासारखं झालं, तेही न थांबणाऱ्या पायांनी. नवशिक्याचे गुडघे त्याच्या अर्ध्यातच बोलायला लागतात.

आता रंगांबद्दल. कॅनडात हिरवं वर्तुळ म्हणजे सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा डायमंड अवघड. युरोपात अनेक ठिकाणी सोप्या उताराचा रंगच निळा असतो, त्यामुळे तिकडून आलेला मित्र "निळा जमतो मला" म्हणाला तर इथल्या निळ्यावर त्याला नेऊ नका. आणि रंग ठरतो तो त्याच रिसॉर्टमधल्या बाकीच्या उतारांच्या मानाने. एका ठिकाणचा हिरवा दुसरीकडे निळाही असू शकतो. शिवाय हिरवा असला तरी संपूर्ण रन एकसारखा नसतो. माझा गेल्या वर्षीचा तीस मीटरचा टप्पा हिरव्यातच होता.

मी शोधत होते ते हे: उतार रुंद हवा, वर उभं राहिल्यावर त्याचा तळ दिसायला हवा, आणि तळाशी आपोआप थांबता येईल अशी सपाटी हवी. ह्यातलं रुंदीचं पुष्कळांना उलटं वाटतं. हिरव्या रंगात दाखवलेले बरेच रन म्हणजे प्रत्यक्षात डोंगराच्या कडेने जाणारे अरुंद रस्ते असतात. उतार कमी, म्हणून हिरवा. पण वेग कमी करायला नवशिक्याला एकतर वळावं लागतं, नाहीतर स्कीची टोकं जवळ आणून 'पिझ्झा' करावा लागतो. अरुंद रस्त्यावर वळायला जागा नाही, आणि पाच मिनिटं सलग पिझ्झा केला की मांड्या पेटतात. एका बाजूला दरी, मागून सरसर येणारे लोक. त्यापेक्षा थोडा जास्त तिरका पण मैदानासारखा रुंद उतार कितीतरी बरा. आडवं जायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा, वळायचं, परत आडवं.

पहिला दिवस, संक्रांतीच्या आठवड्यातला मंगळवार, आम्ही पूर्ण ऑलिंपिक स्टेशनवर काढला. गावातून निघणाऱ्या गोंडोलाचं हे मधलं स्टेशन. शिकणाऱ्यांसाठी इथे वेगळी जागा आखलेली आहे, भराभर जाणारी गर्दी तिथून जात नाही, आणि मॅजिक कार्पेट आहे: विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यासारखा पट्टा, त्यावर उभं राहायचं आणि वर जायचं. चेअरलिफ्टची भीती ही उताराहून वेगळी भीती असते, आणि दोन्ही एकाच दिवशी अंगावर घेऊ नयेत.

सकाळी ताईला शिकवणीला सोडलं. घरच्या माणसाने शिकवू नये, हे माझं ठाम मत आहे. मी "वाक जरा" म्हटलं की तिला ते लहानपणापासूनच्या सगळ्या सूचनांसारखं ऐकू येतं, परक्या शिक्षिकेने म्हटलं की ती वाकते. दुपारी मी तिच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली: आडवं सरकणं. स्की उताराला आडव्या ठेवायच्या, वजन स्कीच्या डोंगराकडच्या कडांवर, मग घोटे किंचित सैल सोडायचे. स्की आडव्याच खाली सरकतात, खर्र आवाज करत. घोटे पुन्हा आवळले की जागच्या जागी थांबतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा ती जेमतेम हातभर सरकली असेल. थांबली, खाली आपल्या स्कीकडे बघितलं, परत हातभर सरकली, परत थांबली. मग स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे मी थांबवू शकते." कुठल्याही अवघड टप्प्यावरून उतरायची ही किल्ली आहे, आणि गेल्या वर्षी नेमकी हीच तिच्याकडे नव्हती. वळणं नंतर शिकली तरी चालतील, हे आधी शिका.

दोन वाजता गोंडोलाने खाली. पाय अजून चालत होते, तरीही.

दुसऱ्या दिवशी राउंडहाउसपर्यंत गेलो. मी ताईला आत खिडकीपाशी बसवलं, हातात गरम कॉफी दिली आणि एकटीच एमराल्ड नावाच्या चेअरलिफ्टच्या रनांवर दोन फेऱ्या मारून आले. हे न चुकता करा. काल हिरवा नि मऊ असलेला उतार रात्रीच्या गारठ्याने आज टणक झालेला असू शकतो. कुठल्या रनवर रात्री बर्फ सारखा करणारं यंत्र फिरलं आहे त्याची यादी रिसॉर्ट रोज सकाळी देतं. यंत्र फिरलेल्या बर्फावर फणीने ओढल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. त्या दिसल्या की समजा, नवशिक्यासाठी दिवसातली सगळ्यात चांगली वेळ हीच. दुपारी त्याच उताराचे उंचवटे होतात आणि मधून खालचा गुळगुळीत बर्फ उघडा पडतो.

एमराल्डवर आम्ही दोनच रन केले, अप्पर व्हिस्की जॅक आणि ईगो बोल. दोन्ही हिरवे, दोन्ही एमराल्ड चेअरच्या पायथ्याकडे येणारे, त्यामुळे चुकून भलतीकडे जायची धास्ती नाही. ठिकठिकाणी हळू जा म्हणून मोठ्या पाट्या आणि जाळ्या लावलेल्या असतात. चेअरवर बसताना तिथल्या माणसाला हात करून "स्लो, प्लीज" म्हटलं की तो खुर्चीचा वेग कमी करतो. संकोच करू नका, ते त्याचं रोजचं काम आहे. उतरताना स्कीची टोकं वर, मग उभं राहून सरळ पुढे. वळायची घाई नको, आणि बाजूच्या माणसाचा दंड धरायचा नाही. ताईने माझा धरला, आणि आम्ही दोघी पडलो. लिफ्ट थांबवली, आम्ही उठलो, लिफ्ट सुरू झाली. कुणी काही म्हटलं नाही.

उतरताना मी तिच्या पुढे, चार-पाच मीटरवर, मोठी संथ वळणं घेत. "माझ्या बुटांकडे बघ, दरीकडे नको." माझा नवरा तिच्या मागे, थोडा वरच्या बाजूला, म्हणजे वरून येणारे तिला वळसा घालून जातील. नियमाने खालच्या माणसाला वाट द्यायची जबाबदारी वरून येणाऱ्याचीच असते, पण मागे आपलं माणूस आहे हे कळल्यावर ताईचे खांदे खाली आले. तिसऱ्या फेरीला एक स्नोबोर्डवाला पोरगा तिच्या अगदी जवळून सुसाट गेला. ती थिजली. आम्ही कडेला थांबलो, खिशातून तिळाची वडी काढली. थंडीने ती दगडासारखी झाली होती, चघळत चघळत पाच मिनिटं गेली. मग खाली, आधी आडवं सरकत, मग वळत.

अकराच्या सुमारास धुकं आलं. समुद्राजवळचे हे डोंगर, धुकं इथे घरचंच आहे. वर-खाली सगळं एकसारखं पांढरं होतं, उतार आहे की सपाटी ते डोळ्यांना कळत नाही, आणि धास्ती असलेल्या माणसाचं मन अशा वेळी प्रत्येक पावलाला कडा कल्पतं. फिकट पिवळ्या किंवा गुलाबी काचेचा गॉगल असेल तर थोडं बरं दिसतं. झाडांच्या जवळचा रन धरा, झाडांमुळे डोळ्यांना आधार मिळतो. आम्ही स्की सोडून सरळ पीक टू पीक गोंडोलात बसलो. दोन डोंगरांना जोडणारा हा ४.४ किलोमीटरचा पाळणा २००८ साली सुरू झाला. अकरा मिनिटांचा प्रवास आहे, आणि खालची दरी सगळ्यात खोल जागी ४३६ मीटरवर. धुक्यातून एकदम बाहेर आलो तेव्हा ताईने खाली बघितलं, आणि चक्क बघत राहिली. पलीकडे ब्लॅककॉम्बवर जेवलो आणि परत आलो. भीतीचा दिवस असा मधोमध मोडला की दुपार हलकी जाते.

आता जे आम्ही मुद्दाम टाळलं ते. लोअर ऑलिंपिक, म्हणजे मधल्या स्टेशनवरून गावात उतरणारा हिरवा रन. सकाळी तो ठीक असतो. पण जानेवारीत लिफ्ट तीनच्या सुमारास बंद व्हायला लागतात आणि अर्धा डोंगर त्याच वाटेने घरी निघतो. खालचा बर्फ ओला नाहीतर टणक, लोक दमलेले, वेग जास्त. नवशिक्याला तिथे तीन वाजता नेणं म्हणजे गणपती विसर्जनाच्या गर्दीत सायकल शिकवणं. दुसरा बर्न्ट स्ट्यू ट्रेल. हिरवा आहे, देखणा आहे, पण खूप उंचावरून निघतो, लांब आहे, आणि मधे इतका सपाट होतो की वेग नसला तर काठ्यांनी ढकलत जावं लागतं. मधूनच सोडून द्यायची सोय नाही. तो पुढच्या वर्षी.

स्की भाड्याने घेताना फॉर्मवर तुम्ही कुठल्या प्रकारचे स्कीअर आहात ते विचारतात, एक, दोन की तीन. एक म्हणजे जपून जाणारा. तिथे एकच लिहा, आणि वजन खरं लिहा. त्यावरून बूट स्कीमधून किती जोराला सुटायचा ते ठरतं. फुशारकीने तीन लिहिलं तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. मोजा एकच, पातळ. दोन जाड मोजे घातले की बूट आवळून पाय उलट गार पडतात. जीन्स नको, ओली होते. हेल्मेट घ्याच.

व्हँकूवरहून रस्ता साधारण १२० किलोमीटर, हायवे ९९. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च ह्या रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तिकीट आधी ऑनलाइन काढा, खिडकीवर महाग पडतं. शनिवार-रविवार आणि फेब्रुवारीतला फॅमिली डेचा लाँग वीकेंड टाळा. मार्चमध्ये उजेड जास्त आणि थंडी कमी, फक्त दुपारी खालचा बर्फ चिखलासारखा होतो.

भारतातून गुलमर्गचा बेत करणाऱ्यांना हाच हिशेब लागू आहे. तिथल्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या उंच, यंत्र न फिरवलेल्या उतारांवर नेतो. नवशिक्याने स्की घेऊन तिकडे जायचं नाही. खालच्या कुरणातले छोटे उतार त्यांच्यासाठी आहेत, आणि तिथे तीन दिवस सहज जातात.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ताई म्हणाली, "अजून एक फेरी?" मी नको म्हटलं. तिचे पाय वळताना लटपटत होते, ते मागून नवऱ्याने बघितलं होतं. गोंडोलात बसलो. मधल्या स्टेशनच्या खाली लोअर ऑलिंपिकवर माणसांची रांग लागली होती, कुणी कडेला बसलेलं, कुणी स्की खांद्यावर घेऊन चालत निघालेलं. ताई काचेला नाक लावून त्या चालणाऱ्यांकडे बराच वेळ बघत होती.

"मार्चमध्ये परत येऊ," ती म्हणाली. "पण पहिला तासभर कार्पेटवरच हं."