वेळ कसा मिळतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"आठवडाभर नोकरी, घर, आणि सुट्टीच्या दिवशीही पहाटे उठून डोंगरात? वेळ कसा मिळतो? आणि कशासाठी एवढं?" हे मला इतक्यांदा विचारलं जातं, की आज नीट सांगते.

वेळ मिळत नाही, शब्द दिलेला असतो. साडेपाचला मैत्रीण वाट बघत उभी राहणार हे माहीत असलं, की अंथरूण सुटतं. एकटीने ठरवलेले किती बेत मोडले याची गणती नाही, तिला दिलेला शब्द मात्र मोडवत नाही. म्हणून सुरुवात करणाऱ्यांना मी सांगते, बूट नंतर घ्या, आधी सोबत शोधा.

पूर्वी मी दोन-दोन महिने काहीच करत नसे आणि मग एकदम मोठा डोंगर गाठायचे. चढताना दम लागतोच, पण अंग धरतं ते उतरल्यामुळे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच सगळा भार पेलतात. सवय नसली तर दुसऱ्या दिवशी साधा जिना उतरणंही जड जातं. मग पुढची खेप आपोआप लांबायची. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीचा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मग माझ्या वाचनात आला. आठवड्याला किमान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये तब्येत चांगली असल्याचं आणि समाधानी असल्याचं सांगणारे जास्त होते. ते दोन तास सलग की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. (धडधाकट माणसंच मुळात जास्त बाहेर पडत असतील, हेही आहेच.) तेव्हापासून आठवड्यात तीनदा जवळच्या जवळ पाऊण तास चालते, मोठा डोंगर महिन्यातून एकदा.

राहिलं कशासाठी. व्यायाम होतो, पण त्यासाठी मी जात नाही. पायवाट अरुंद असते, एकामागे एक चालावं लागतं. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आपलाही त्याला दिसत नाही. मैत्रिणीची आई गेली, त्यानंतर कित्येक महिने ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. एका चढावर, मागे न वळता, धापा टाकत ती बोलायला लागली. तिच्या बुटांच्या झिजलेल्या टाचांकडे बघत मी मागून नुसतं "हं" म्हणत होते. थांबलो नाही. माथ्यावर पोचल्यावर तिने दगडावर बसून बुटातला खडा काढला, नाडी पुन्हा बांधली, आणि आम्ही बराच वेळ तशाच बसून राहिलो.