कूलर चिकट झाला की

आमच्याकडं, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या बाजूला, हवामान सांगणाऱ्या तीन गोष्टी आहेत. मोबाईल, बाबा आणि कूलर. बरोबर येण्याचा हिशोब काढला तर माझं मत कूलरला.

हसू नका. आमचा कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, आत पाण्याचा पंप, आणि पंखा असा की चालू केला की टीव्हीचा आवाज चार पॉइंट वाढवावा लागतो. चैत्र-वैशाखात हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी असते तेव्हा हा गडी जोरात असतो, बाहेर ४४ असलं तरी ताटीवरचं पाणी उडून हवा पंधराएक डिग्रीनं खाली येते आणि दुपारी दोनला अंगावर चादर घ्यावी लागते. पण हवेत आधीच दमटपणा असला की ताटीवरचं पाणी उडणार कुठं? मग तोच कूलर ओलं गरम वारं फेकत बसतो. उशी चिकट, गादी चिकट, डब्यातलं मीठ ओलं. आणि आई सकाळीच सांगून टाकते, "आज कूलर नोको लावू बाप्पा, आंग चिपचिप करते. संध्याकाळी येते पाऊस."

आता यात जादू काही नाही. बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारे आत शिरतात, इथली जमीन तव्यासारखी तापलेली, ती हवा वर उचलली जाते आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत पश्चिमेला फुलकोबीसारखे ढग उभे राहतात. हेच हवामान खातं दोन दिवस आधी सांगतं, फक्त त्यांच्या भाषेत. "तुरळक ठिकाणी मेघगर्जना व विजांच्या कडकडाटासह हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता, वाऱ्याचा वेग ताशी ४० ते ५० किमी." आईचा यावर एकच प्रश्न असतो, "तुरळक म्हणजे आपल्याकडं का नाही?" कारण स्लॅबवर तांदळाचे पापड वाळत असतात. मी तिला एकदा समजावून सांगितलं की तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, काही ठिकाणी म्हणजे निम्म्यापर्यंत, असं मोजमाप असतं त्याचं. तिनं शांतपणे ऐकलं आणि पापड उचलायला गेली.

मोबाईलवर विश्वास नाही असं नाही हं. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका ऑटोमॅटिक केंद्रानं ५६ डिग्री दाखवलं होतं तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दिवसभर तोच फोटो फिरत होता, पुढं कळलं की सेन्सर बिघडला होता. बाबा म्हणाले, "५६ असतं तर कोंबड्या रांधायची गरज नसती पडली." पण तेच बाबा दामिनी ॲप मात्र रोज उघडतात, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की ते अर्ध्या-पाऊण तासावर सांगतं, आणि शेतात पत्रा, लोखंडी फावडं आणि एकटं उभं झाड असलेल्या माणसाला तेवढा वेळ पुरतो.

तर एप्रिलचा दुसरा आठवडा, मी पुण्याहून सुट्टीला आलेलो. आधीचे पाचसहा दिवस कडक कोरडे, कूलर एकदम खूश. आणि कूलर खूश असतो ना तेव्हाच जंगल पेटायला टेकलेलं असतं, हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. सागाची, ऐनाची पानं खाली पडून कडकडीत, पाय ठेवला की चुरा. त्यात मोहाचा सीझन. पहाटे फुलं टपटप पडतात, पाचोळ्यात ती दिसत नाहीत म्हणून काही लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात, काळ्या जमिनीवर पिवळट फुलं सहज दिसतात. आमची आई खराट्यानं झाडून घेते, वेळ लागतो पण चालतं. (वाकून वेचणाऱ्या माणसाला वाघ लांबून माणूस समजत नाही म्हणतात, त्यामुळं चौघीजणी बोलत बोलतच जातात. खरं तर त्या कशाही बोलतच गेल्या असत्या.)

माझा चुलतभाऊ वनविभागात आगीचा वॉचर आहे, हंगामापुरता. १५ फेब्रुवारी ते १५ जून त्याचा मोसम. जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून जंगलात मोकळे ठेवलेले पट्टे, साफ ठेवायच्या, पाठीवर ब्लोअर घेऊन पाला उडवायचा, आणि कुठं धूर दिसला की पळायचं. त्या सकाळी कूलर चिकट झाला. मी म्हटलं चला, आता पाऊस येईल, तुला सुट्टी. तो म्हणाला, "पावसाच्या आधी वारा येते ना भाऊ. मले त्या वाऱ्याचंच भेव हाये."

साडेचारला ढग काळे झाले. टेकडीच्या कुशीत पांढरा धूर होता, बारीकसा, सरळ वर जाणारा, कोणीतरी मोहाखाली लावलेली आग विझली समजून सोडलेली असणार. मग वारा आला. ढगातून थंड हवा धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते तो वारा, पत्रे उडवणारा. धूर एकदम आडवा झाला आणि पाच मिनिटांत टेकडीवर नारिंगी रेघ दिसायला लागली. लाईट गेली. वीज चमकली, मी मोजलं, नऊ सेकंदांनी आवाज, म्हणजे तीन किलोमीटर. आम्ही सगळे अंगणात उभे आणि तोंडं वर, आता पड बाबा एकदाचा.

पडले मोजून वीसेक थेंब. टपोरे, मातीत खड्डा पाडणारे. तेवढ्यानं मातीचा वास आला आणि संपलं. पाऊस पडला तो वैनगंगेच्या पल्याड, आरमोरीकडं, मावसभावाचा फोन आला की बोराएवढ्या गारा पडल्या.

भाऊ रात्री अकराला घरी आला, भुवया जळलेल्या, हातात पळसाची हिरवी फांदी तशीच. आठजणांनी झोडपून झोडपून विझवली म्हणाला. आईनं त्याला माठातलं पाणी आणि आंबील दिली, तो बाजेवर आडवा झाला. लाईट अजून नव्हती. सकाळी त्याचा फोन वाजला, उपग्रहाला रात्री दिसलेल्या ठिणग्यांचा मेसेज, जंगलाच्या कुठल्या भागात ते सांगणाऱ्या कक्ष क्रमांकासकट. त्यानं एका डोळ्यानं वाचला आणि फोन उशीखाली सरकवला.

लाईट आली तसा मी कूलर लावला. मस्त गार वारा. भाऊ झोपेतच म्हणाला, "बंद कर बे."

बाजेवरून उठून तो तोंड धुवायला गेला.