रीबिल्डच चाललंय ना, मग एवढं का चिडता?

गणपतीच्या प्रसादाची रांग असो, कुणाच्या घरचं डोहाळजेवण असो, नाहीतर नाशिकहून भावाचा फोन असो, प्रश्न ठरलेला असतो. "ताई, तुमची टीम रीबिल्ड करतेय म्हणे. मग हरणारच की! एवढं मनाला का लावून घेता?" टीम म्हणजे बेसबॉलची शिकागो व्हाइट सॉक्स. विचारणारे बहुतेक क्रिकेटवाले, आणि थोडे शहराच्या उत्तरेकडचे, म्हणजे शिकागोच्याच दुसऱ्या टीमचे, कब्जचे. दोन वाक्यांत उत्तर दिलं की ते नुसती चिडचिड वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं नीट सांगते.

एक गोष्ट आधीच सांगते, हरण्याबद्दल माझी तक्रार नाही. बेसबॉलच्या सीझनमध्ये १६२ गेम असतात आणि चांगल्यातली चांगली टीमही त्यातले साठेक हरते. २००५ साली व्हाइट सॉक्सनी वर्ल्ड सीरिज, म्हणजे लीगची फायनल, जिंकली, ८८ वर्षांनी, त्या वर्षीही ६३ गेम हरलेच होते. ह्यूस्टनमधला तो शेवटचा १-० चा गेम मी शेजारच्या आजोबांच्या घरी पाहिला. त्यांना १९५९ ची टीम आठवत होती. स्कोअरकार्ड कसं भरायचं ते मला त्यांनीच शिकवलं. संपल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, आणि मला तेव्हा कळलं की आपण ज्याला 'टीमचा नाद' म्हणतो तो काही माणसांच्या आयुष्यात किती खोल गेलेला असतो.

आता रीबिल्ड म्हणजे काय ते. अमेरिकेत कॉलेज आणि हायस्कूलमधली नवी मुलं टीममध्ये घ्यायला दरवर्षी ड्राफ्ट होतो, आणि जो तळाला राहील त्याचा नंबर साधारणपणे आधी लागतो. आयपीएलमध्ये असं काही नाही. मुंबई इंडियन्स २०२२ ला दहावे आले म्हणून लिलावात त्यांना कुणी पुढे बसवलं नाही, त्यांना कॅमेरून ग्रीनसाठी साडेसतरा कोटी मोजावेच लागले. इथे मात्र हरण्याला मोल आहे. म्हणून मालक आणि मॅनेजमेंट ठरवून टीम मोडतात. चांगले, महाग खेळाडू दुसऱ्यांना देतात, बदल्यात त्यांच्या मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या शिकाऊ टीममधली, विशीतली मुलं घेतात, तीन-चार वर्षं हरतात, पगाराचा खर्च खाली आणतात. मग ही मुलं तयार झाली की वाचवलेला पैसा बाहेर काढायचा आणि उरलेल्या जागा भरायच्या. ह्यूस्टननं २०११ ते २०१३ सलग तीन वर्षं शंभरावर गेम हरले आणि २०१७ ला जिंकले. कब्ज २०१२ ला १०१ हरले, २०१६ ला जिंकले. म्हणजे हा मार्ग मुळातच खोटा आहे असं मी म्हणत नाही.

पण या सौद्याला दोन बाजू आहेत. हरताना साथ द्यायची ही आमची बाजू, आणि वेळ आली की कसूर करायची नाही ही त्यांची.

डिसेंबर २०१६ मध्ये सॉक्सनी ख्रिस सेल बॉस्टनला दिला. आमचा सर्वांत भारी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. बदल्यात योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक आले. त्याच आठवड्यात अ‍ॅडम ईटन वॉशिंग्टनला गेला, लुकास जिओलिटो आला. पुढच्या जुलैत होसे किंताना तर थेट कब्जना दिला, तिथून एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीज आले. सगळे म्हणाले, काय हुशारीचे सौदे! मीही म्हणाले. २०१७ ला ९५ हार, २०१८ ला बरोबर १००, २०१९ ला ८९. आम्ही बघत राहिलो. रात्री मुख्य टीमचा गेम हरला की बर्मिंगहॅम आणि शार्लट इथल्या मायनर लीगच्या टीमचे आकडे बघायचे, हिमेनेझनं आज काय केलं, कोपेकनं किती स्ट्राइकआउट घेतले. माझ्या मुलीनं हिमेनेझची जर्सी मागून घेतली तेव्हा तो मुख्य टीममध्ये एकही गेम खेळलेला नव्हता. इतका विश्वास होता. त्या काळात धीर धरायला आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

२०१८ च्या वर्ल्ड सीरिजचा शेवटचा चेंडू बॉस्टनकडून ख्रिस सेलनं टाकला आणि मॅनी मचाडोला स्ट्राइकआउट केलं. आमचा जुना माणूस तिथे नाचत होता आणि त्याच्या समोर हरलेला मचाडो त्या हिवाळ्यात फ्री एजंट झाला, म्हणजे हव्या त्या टीमशी करार करायला मोकळा. आता आपली पाळी, असं आम्हाला वाटलं. सॉक्सनी त्याच्या बायकोचा भाऊ योन्डर अलोन्सो आणि त्याचा मित्र जॉन जे यांनाही टीममध्ये आणून ठेवलं होतं. शेवटी आठ वर्षांचे २५ कोटी डॉलर देऊ केले, सॅन डिएगोनं दहा वर्षांचे ३० कोटी दिले, आणि तो तिकडे गेला. जे पैसे वाचवण्यासाठी आम्ही दोन वर्षं हरणं सोसत होतो, ते खर्च करायच्या पहिल्याच मोठ्या प्रसंगी हात आखडला. माझा राग इथून सुरू होतो. २०२४ च्या विक्रमी हारींपासून नाही.

त्यानंतर दोन वर्षं फार सुंदर गेली, आणि तीही सांगितली पाहिजेत. २०२० च्या ऑगस्टमध्ये, कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये, जिओलिटोनं पिट्सबर्गला एकही हिट दिला नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये कार्लोस रोडॉननं क्लीव्हलंडविरुद्ध तेच केलं. आणि त्या ऑगस्टला आयोवातल्या डायर्सव्हिल गावी, मक्याच्या शेताला लागून बांधलेल्या मैदानावर, टिम अँडरसननं यांकीजविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये चेंडू थेट उंच मक्यात मारला, ९-८. आमच्या घरात त्या रात्री जो आरडाओरडा झाला तसा क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकल्यावरच होतो. टीम ९३ गेम जिंकून विभागात पहिली आली.

मग बिघडलं कुठे? लोक दुखापती सांगतात, आणि त्या खूप झाल्या हे खरंच आहे. पण माझं उत्तर वेगळं आहे. २०२० च्या शेवटी, टीम नुकती प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीला, जाऊन आलेली असताना, मालक जेरी रीन्सडॉर्फ यांनी मॅनेजर म्हणून, म्हणजे मैदानावर टीम सांभाळायला, टोनी ला रुसा यांना आणलं. वय ७६, शेवटची टीम २०११ ला सांभाळलेली. मोठा माणूस, हॉल ऑफ फेममधला, शिवाय मालकांचा जुना स्नेही. १९८६ मध्ये त्यांना सॉक्समधूनच जाऊ दिलं याची रीन्सडॉर्फ यांना चुटपुट होती. ती त्यांनी आमच्या रीबिल्डच्या भरवशावर भागवून घेतली. टीमचं काम तरुण पोरांना पुढे नेण्याचं होतं, आणि निवड झाली ती मैत्रीवर.

पैसा अजिबात निघाला नाही असं मी म्हणणार नाही. लियम हेंड्रिक्स, केन्डल ग्रेव्हमन, जो केली, अशा शेवटच्या इनिंगांतल्या पिचरांवर भरपूर ओतला. पण क्षेत्ररक्षणाच्या जागांपैकी राइट फील्डला धड माणूस नव्हता, सेकंड बेसला नव्हता. अँड्र्यू वॉन हा फर्स्ट बेसचा मुलगा, त्याला आउटफील्डमध्ये पळवला. २०२२ ला ८१ विजय, ८१ हार. २०२३ ला १०१ हार. ऑगस्टमध्ये टीमचा कारभार बघणाऱ्या केनी विल्यम्स आणि रिक हान या दोघांना काढलं, आणि बाहेर कुठे शोधाशोध न करता त्याच ऑफिसातले ख्रिस गेट्झ यांना जनरल मॅनेजर केलं. आणि पुन्हा उभारणी सुरू झाली.

पुन्हा! जी माणसं २०१६ पासून थांबली होती त्यांनाच परत 'थांबा' म्हणून सांगितलं.

२०२४ चे आकडे तुम्हाला ठाऊक असतील. ४१ विजय, १२१ हार. आधुनिक बेसबॉलमध्ये एका सीझनला इतकी हार कुणीच पाहिली नव्हती, १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० चा आकडाही मागे पडला. जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ गेम हरले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरच्या मैदानावर एंजल्सशी तीन गेम होते आणि १२० हार आधीच झाल्या होत्या. मी रॉक आयलंड लाइनची मेट्रा लोकल पकडून ३५ व्या स्ट्रीटला उतरले. कितीतरी लोक केवळ तो विक्रम होताना बघायला आले होते. 'सेल द टीम, सेल द टीम' अशा घोषणा चालू होत्या. आणि पोरांनी तो गेम जिंकला. तिन्ही जिंकले. १२१ वी हार डेट्रॉइटला जाऊन झाली. त्या तीन गेममध्ये मैदानावर जी पोरं होती, त्यातल्या कितीतरी जणांना कुठल्याही चांगल्या टीमनं बसायला बाकही दिलं नसतं. ती मान मोडून खेळत होती. माझा राग त्यांच्यावर कधीच नव्हता, कुणी तसं समजू नये.

आता हरण्याचं मोल किती मिळालं ते ऐका. लीग आणि खेळाडूंमधल्या २०२२ च्या करारापासून ड्राफ्टच्या पहिल्या काही जागा लॉटरीनं ठरायला लागल्या आणि मोठ्या शहरांतल्या, बाकीच्यांना उत्पन्नातला वाटा देणाऱ्या टीमला सलग दोन वर्षं लॉटरीतली जागा मिळत नाही. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये सॉक्सना पाचवी जागा मिळाली होती. म्हणून १२१ गेम हरल्यावर २०२५ मध्ये त्यांना मिळाली ती दहावी. नियम सर्वांना आधीपासून माहीत होता. म्हणजे त्या वर्षीच्या हारीतून ड्राफ्टमध्ये काही पदरात पडणार नव्हतं, तरी टीम तशीच मैदानात उतरवली. याला योजना कसं म्हणायचं?

आणि 'लहान शहरं हेच करतात, दुसरा इलाज नाही' असं जे सांगतात त्यांनी दीड तास गाडी चालवून मिलवॉकीला जावं. शिकागोच्या मानानं गाव केवढंसं. पण तिथली टीम अशी मोडतोड न करता वर्षानुवर्षं प्लेऑफच्या आसपास असते. एखादा मोठा खेळाडू सोडावा लागला तर सोडतात, पण त्याच वर्षी बाकीची टीम जिंकायला खेळते. २०२५ च्या जूनमध्ये आमच्या अँड्र्यू वॉनला सॉक्सनी तिकडे पाठवलं. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरला घेतलेला, आमच्याकडे शेवटी मायनर लीगमध्ये ढकललेला. मिलवॉकीत महिन्याभरात त्याची बॅट तळपायला लागली. त्या वर्षी मिलवॉकीनं ९७ गेम जिंकले, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. मुलगा तोच होता. त्याला शिकवणारी माणसं, त्याच्या स्विंगकडे बघणारे डोळे बदलले. माझं म्हणणं एवढंच आहे की आमच्याकडे दुरुस्त व्हायला हवी ती ही घडवण्याची जागा. ती तशीच ठेवून तिच्यात दर सात वर्षांनी नवी पोरं ओतायची, याला रीबिल्ड म्हणू नका.

धीर फुकट नसतो, ही गोष्ट विचारणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जर्सी मागणारी माझी मुलगी पहिल्या रीबिल्डच्या वेळी प्राथमिक शाळेत होती, आता कॉलेजच्या अर्जांमध्ये बुडाली आहे. गेम लागला तर ती मान वर करून बघत नाही. तिला मी दोष देत नाही. हिमेनेझ २०२४ मध्ये बॉल्टिमोरला गेला. कोपेक डॉजर्सकडे गेला आणि त्याच वर्षी त्यांच्याबरोबर वर्ल्ड सीरिजची अंगठी घेऊन आला. शेजारचे आजोबा ही दुसरी उभारणी सुरू होण्याआधीच गेले. २०२० आणि २०२१ ची प्लेऑफची एकेक फेरी, दोन्ही हरलेल्या, एवढंच त्यांच्या शेवटच्या वर्षांच्या वाट्याला आलं. त्यांनी दिलेला वेळ त्यांना कोण परत देणार?

आशा आहे का, असं विचाराल तर आहे. २०२५ लाही १०२ हार झाल्या, सलग तिसऱ्यांदा शंभरावर. पण कोल्सन माँटगोमेरी अर्ध्या सीझनमध्ये २१ होमरन मारतो तेव्हा हात आपोआप वर जातात. पिचर गॅरेट क्रोशेच्या बदल्यात आलेला कॅचर काइल टील दमदार आहे. शेन स्मिथ, मिलवॉकीनं राखून न ठेवलेला पिचर, त्यानं पहिल्याच वर्षी ऑल-स्टारमध्ये, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत, जागा मिळवली. आणि २०२६ च्या ड्राफ्टची लॉटरी लागली, पहिला नंबर. मालकीचंही ठरलंय: २०२९ ते २०३३ च्या दरम्यान रीन्सडॉर्फ यांची इच्छा असेल तर गुंतवणूकदार जस्टिन इशबिया यांच्याकडे ताबा जाईल, आणि त्यानंतर इशबिया स्वतः तो मागू शकतील.

म्हणून पुढच्या वेळी प्रसादाच्या रांगेत भेटलात की 'धीर धरा' म्हणू नका. हे विचारा: माँटगोमेरी आणि टील अजून स्वस्तात खेळतायत तोवर राइट फील्डला कोण आणलंत? शार्लटमध्ये बॅटिंग शिकवायला कोण ठेवलंत? मुलं तयार झाली की २५ कोटींवर थांबणार की ३० पर्यंत जाणार? याची उत्तरं मिळेपर्यंत मी गेम बघणार, रॉक आयलंडनं स्टेडियमला जाणार, आणि चिडणारही.