पास्त्याला सुटलेलं पाणी

रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२ आलं आणि पहिली कुऱ्हाड पडली ती रविवारच्या बेक्ड पास्त्यावर. आमच्याकडे तो मीच करतो. २०० ग्रॅम पेने पास्ता, ५० ग्रॅम बटर, तेवढाच मैदा, अर्धा लिटर म्हशीचं दूध, वरून २०० ग्रॅम चीज. भाज्या म्हणजे मूठभर मका आणि शोभेपुरती ढोबळी मिरची. नुसत्या बटरच्याच ३६० च्या आसपास कॅलरी होतात, हे मी आजवर कधी मोजलंच नव्हतं. आठवीतल्या लेकीने मात्र आधीच बजावलं, "बाबा, तू हवं तर भाकरी खा. पास्ता बंद नाही करायचा."

मग शनिवारी मंडईत गेलो आणि हौसेने पिशवी भरून आणली. दुधी, टोमॅटो, मशरूम, पालक, फरसबी. पास्ताही खपली गव्हाचा आणला. पास्ता मुळात ड्युरम गव्हाचा, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीचा, आणि खपली त्याच्याच भावकीतला. त्यामुळे फार काही बिघडणार नाही असं वाटलं. बिघडवलं ते मीच. पाकिटावर लिहिलेली मिनिटं इमानेइतबारे पूर्ण शिजवला, मग सगळ्या भाज्या कच्च्याच कालवून पंचवीस मिनिटं ओव्हनमध्ये ठेवला. बाहेर काढला तेव्हा वर चीजचा पापुद्रा, खाली दोन बोटं पाणी आणि त्यात पास्त्याचा गिचका. लेक म्हणाली, "हे पास्त्याचं पिठलं आहे." आई काही बोलली नाही. तिने ते पाणी वाटीत ओतून घेतलं, मीठ-मिरपूड घातली आणि सूप म्हणून पिऊन टाकलं.

दुसऱ्या खेपेला व्हाइट सॉसलाच फाटा दिला. त्याऐवजी घरच्या दह्याचा चक्का, थोडं दूध, लसूण. दिवस निवडला गुरुवार, कारण मला सुट्टी होती. पुण्यात गुरुवारी लाइट जाते हे पन्नाशीला आलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण मला आठवलं ते ओव्हन तापत आल्यावर. म्हणून मिश्रण गॅसवर घेतलं आणि दोन मिनिटांत ते फाटलं. कणीदार पांढरा चोथा आणि बाजूला हिरवट पाणी.

आई दारातून बघत होती. "अरे, कढीला डाळीचं पीठ कशासाठी लावतात?"

चाळीसेक वर्षं कढी ओरपतोय, पण हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. पीठ असलं की दही आचेवर फाटत नाही. व्हाइट सॉसमधला मैदाही तेच मिश्रण धरून ठेवायचं काम करतो, फक्त त्याला त्यासाठी ५० ग्रॅम बटरची गरज नसते, ते आपणच ओततो. घोटाळा पाण्याचा होता, आणि पाण्याचा बंदोबस्त आपल्या स्वयंपाकघराला नवा नाही. कोशिंबिरीची काकडी आपण पिळून घेतोच की.

तिसऱ्या वेळी दुधी किसून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवला आणि घट्ट पिळला. वाटीभर पाणी निघालं, ते कणकेत गेलं. मशरूम कढईत कोरडेच टाकले, मोठ्या आचेवर. आधी ते पाणी सोडतात, मग ते पाणी आटतं, मग चुरचुर आवाज येतो, तेल तेव्हा घालायचं, तेही चमचाभर. गाजर-फरसबी वाफवून निथळली. पालक परतून पिळला. टोमॅटोच्या बिया काढल्या. एवढ्या भाज्या कढईत बसून इतक्याशा झाल्या की पास्त्याइतक्याच वजनाच्या घ्यायच्या हा माझा जुना अंदाज हास्यास्पद वाटला. २०० ग्रॅम पास्त्याला चांगल्या ८०० ग्रॅम कच्च्या भाज्या लागतात.

सॉस फ्लॉवरचा केला. अर्धा गड्डा मऊ वाफवला, कपभर गाईचं दूध आणि लसणाच्या चार पाकळ्या घालून मिक्सरमधून गुळगुळीत काढला. दोन चमचे ज्वारीचं पीठ चमचाभर तेलावर खमंग भाजून त्यात हा फ्लॉवर ओतला आणि ढवळत राहिलो. पळीच्या पाठीवर बोट फिरवलं तर रेघ राहते, इतका दाट झाल्यावर गॅस बंद. फ्लॉवरचा उग्र वास उरेल ही धास्ती होती. श्रीखंडासाठी आणलेलं जायफळ डब्यात होतं, ते किसून टाकलं. व्हाइट सॉसमध्ये जायफळ घालायची रीत जुनीच आहे, मी मात्र ती आळसाने टाळत आलो होतो. वास गेला. चव मैद्याच्या सॉससारखी लागली असं मी म्हणणार नाही, पण जीभ तक्रार करत नाही.

पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा तीन मिनिटं आधी उपसला. मधे अजून कच्चट होता, पण बाकीचं तो ओव्हनमध्ये सॉस पिऊन भागवतो. वर ६० ग्रॅमच चीज, पण बारीक किसणीने किसलेलं, म्हणजे सगळीकडे पुरतं. कुरकुरीतपणासाठी बेकरीतले टोस्टसारखे कडक दोन जिरा बटर लाटण्याने चुरून त्यात मिसळले. हे कुठल्या इटालियनाला सांगू नका. २०० अंशांवर वीस मिनिटं, शेवटची चार फक्त वरचा रॉड.

ओव्हनमधून काढल्यावर पहिली दहा मिनिटं हात लावायचा नाही, यावर लेकीशी थोडी बाचाबाची झाली. तेवढ्यात सॉस आळतो. चमचा घातला, काठाला पाणी नव्हतं. लेकीने दुधी ओळखला नाही. मीही सांगितला नाही.

उरलेला पास्ता फ्रिजमध्ये रात्रभरात असा आळला की सकाळी सुरीने त्याच्या चौकोनी वड्या पडल्या. आईने दोन वड्या तव्यावर तेलाच्या बोटावर लाल केल्या आणि पोळीबरोबर खाल्ल्या, वर लसणाची चटणी.