बाहेर तडजोड झाल्यावर दावा कसा संपवला: माझा अनुभव

माझा दावा थकलेल्या बिलाच्या वसुलीचा, दिवाणी न्यायालय कनिष्ठ स्तर येथे. प्रतिवादीचा जबाब आला आणि पुरावा सुरू होण्याआधीच आमची बाहेर तडजोड झाली. पण कोर्टाला कळवेपर्यंत दावा चालूच असतो. 'मिटलंय आता' म्हणून वादी तारखेला गेला नाही आणि प्रतिवादी हजर झाला, तर दावा गैरहजेरीत काढून टाकला जातो आणि त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही.

पुढे दोन वाटा असतात, आणि निवड एकाच गोष्टीवर करावी: पैसे हातात आले आहेत का?

पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम १ खाली दावा काढून घेण्याची पुरसिस (कोर्टाला लेखी कळवण्याचा अर्ज) पुरते. एक पानाचं काम. हप्ते बाकी असतील तर मात्र हा मार्ग घेऊ नये, समोरचा कितीही भला असला तरी. नव्या दाव्यासाठी कोर्टाची परवानगी न घेता दावा काढून घेतला की त्याच विषयावर पुन्हा दावा करता येत नाही. परवानगी मिळाली तरी दावा लावण्याच्या मुदतीची गणना पहिला दावा झालाच नव्हता असं धरून होते, म्हणजे कोर्टात गेलेली वर्षं आपल्या खात्यातून वजा.

माझे हप्ते बाकी होते, म्हणून त्याच आदेशाच्या नियम ३ ची तडजोड पुरसिस दिली. ती लेखी आणि दोन्ही पक्षांच्या सहीची हवी. वकिलांच्या सह्या असतातच, पण पक्षकारांनी स्वतः सही केलेली बरी. मजकुरात एकूण रक्कम, प्रत्येक हप्त्याची तारीख आणि आकडा, कोणत्या खात्यात भरायचा, एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय आणि त्यावर व्याज किती, खर्च कोणाचा, हे सगळं लिहिलं. 'लवकरात लवकर देऊ' असल्या वाक्यावर पुढे वसुली करता येत नाही. 'पक्षकारांमधले सर्व वाद मिटले' हे वाक्य वकील सवयीने घालतात. दुसरा काही व्यवहार शिल्लक असेल तर ते काढायला लावा. चेक न वटल्याची फौजदारी तक्रार चालू असेल तर ती या पुरसिसने संपत नाही, तिथे वेगळी तडजोड नोंदवावी लागते.

तारीख लांबची असल्यास प्रकरण लवकर बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) घेण्याचा अर्ज जोडावा. दोघांनी ओळखपत्रासह हजर राहावं. न्यायाधीश विचारतात: मजकूर वाचला का, समजला का, स्वखुशीने सही केली का? होकार मिळाला की पुरसिस नोंदवली जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आदेशाचे शब्द तिथल्या तिथे वाचा. 'पुरसिस पाहता दावा निकाली' एवढंच असेल तर हप्ता चुकल्यावर दरखास्त (वसुलीसाठी अंमलबजावणीचा अर्ज) लावताना वाद उभा राहतो. 'दावा तडजोडीनुसार डिक्री, पुरसिस डिक्रीचा भाग समजावी' असं हवं. अशा डिक्रीची, म्हणजे हुकूमनाम्याची, दरखास्त १२ वर्षांपर्यंत लावता येते. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपीलही होत नाही, त्यामुळे सही करण्यापूर्वीच काय ते वाचून घ्यावं.

कोर्ट फी विसरू नका. पुरावा सुरू होण्यापूर्वी तडजोड झाल्यास महाराष्ट्राच्या कोर्ट फी कायद्यात निम्म्या फीच्या परताव्याची तरतूद आहे. लोकअदालतीत मिटवल्यास फी परत मिळते आणि तिथला निवाडाही हुकूमनाम्यासारखाच चालतो. पुरसिसमध्येच परताव्याची विनंती लिहिली की वेगळा अर्ज वाचतो.

पैसे देणाऱ्यासाठीही एक गोष्ट: हुकूमनाम्यानंतर कोर्टाबाहेर भरलेल्या हप्त्याची नोंद कोर्टात करून घ्या. वादीने केली नाही तर आपण भरणा केल्यापासून ३० दिवसांत अर्ज द्यायचा. नोंद नसलेला भरणा दरखास्तीत धरला जात नाही, पावती दाखवली तरी.

शेवटी हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रतीसाठी नक्कल अर्ज त्याच दिवशी टाकला.